विहिरीतलं नाविक मंडळ

मलकापूरपासून समुद्र तीनशे मैल लांब. आमच्या गावातल्या निम्म्या माणसांनी तो पाहिलेला नव्हता आणि उरलेल्या निम्म्यांनी पाहिल्याच्या थापा मारल्या होत्या. अशा गावात नाविक मंडळ काढण्याचा उद्योग मी केला. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो, आणि सोळाव्या वर्षी मला जितकं कळत होतं तितकं पुढे चाळीस वर्षं जहाजांवर काढूनही कधी कळलं नाही.

सन छत्तीसची गोष्ट. मुंबईच्या बंदरात एक जहाज कायमचं नांगर टाकून उभं असायचं आणि तेच आमचं कॉलेज होतं. वर्ग त्यावर, जेवण त्यावर, झोपायला झोळ्या त्यावरच. मध्यप्रांत-वऱ्हाडातून दरसाल एकच मुलगा शिष्यवृत्तीवर तिथे घेत, आणि आदल्या वर्षी तो मुलगा मी होतो. आठवडाभर नकाशे, तारे आणि डेक घासणं चालायचं. शनिवारची दुपार मात्र मंडळांची. वादविवाद मंडळ होतं, नाटक मंडळ होतं, बँड होता, दोरखंडाच्या गाठींचं मंडळ होतं, हस्तलिखित मासिक काढणाऱ्यांचा एक सुकलेला कंपूही होता. मी सगळीकडे तोंड घालून पाहिलं. वादविवादात मी इंग्रजीत बोललो, तरी त्यातसुद्धा वऱ्हाडी ऐकू येते असं पुण्याच्या एका पोरानं भर सभेत जाहीर केलं. बँडवाल्यांनी मोठा ढोल दिला तो मी पोळ्याला वाजवतात तसा बडवला, म्हणून आठवड्यात परत घेतला. शेवटी नौका मंडळात माझं जमलं. तिथे तोंड बंद ठेवायचं आणि वल्हं ओढायचं एवढंच काम होतं.

या मंडळाचे प्रमुख भरुचा साहेब. पारशी गृहस्थ, गालावर मोठे कल्ले, आणि खिशातलं घड्याळ आमच्यापेक्षा जास्त प्रेमाचं. पुढच्या वर्षी मंडळाचा चिटणीस कोणाला करायचं हे तेच ठरवणार होते. चिटणीसाला पांढऱ्या गणवेशावर एक निळी फीत मिळायची. ती फीत लावून मलकापूरच्या स्टेशनावर उतरायचं, एवढं एकच चित्र माझ्या डोक्यात वर्षभर होतं.

आता रहेमतुल्लाचं सांगितलंच पाहिजे, कारण खरी गोष्ट त्याची आहे. तो फकीर मोहम्मद सुताराचा मुलगा, माझ्याच वर्गातला, माझ्याच बाकावरचा. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला आम्ही दोघं मिळून नागपूरला गेलो होतो. गणितात तो माझ्यापेक्षा वरचढ, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. पण तिथे एका साहेबानं विचारलं की कधी बोटीत बसला आहेस का, तर रहेमतुल्लानं सरळ नाही म्हणून सांगितलं. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, नेहमी बसतो. वास्तविक मी जन्मात एकदाच पूर्णेच्या डोंग्यात बसलो होतो, आणि तेव्हाही पलीकडच्या काठाला लागेपर्यंत ओकत होतो. जागा मला मिळाली. रहेमतुल्ला मला पोचवायला स्टेशनावर आला, माझी वळकटी त्यानंच डब्यात टाकली, आणि चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मला फार वाईट वाटलं होतं. पण जागा सोडण्याइतकं नव्हतं वाटलं.

कॉलेजात जायला वयाची अट होती. रहेमतुल्लाला आणखी एकच वर्ष उरलं होतं, त्यानंतर दार बंद. म्हणून पहिल्या उन्हाळ्याच्या सुटीत घरी आलो तेव्हा मी ठरवलं की यंदा त्याला त्या प्रश्नाला 'हो' म्हणता आलं पाहिजे. त्यासाठी नाविक मंडळ काढलं. त्याला बोट मिळेल, मला फीत मिळेल, असा माझा हिशेब. मंडळात पाच जण: कडूबा, पुंजाजी, मोतीराम आणि कारभारी वल्ह्यांवर, रहेमतुल्ला सुकाणूवर. मी संस्थापक, म्हणजे नुसता हुकूम सोडणारा.

बोट फकीर मोहम्मद चाचांनी बनवली. जन्मभर त्यांनी बैलबंड्या केल्या होत्या. मी कागदावर बोट काढून दिली, ती त्यांनी उलटसुलट फिरवून पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला की बैल कुठं जुंपायचे. बाभळीच्या लाकडाशिवाय दुसऱ्या लाकडावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून बोट बाभळीची झाली आणि उचलायला आठ माणसं लागू लागली. फटींत सरकी काढलेला कापूस ठासून वरून डांबर ओतलं. कापसाला आमच्याकडे काय तोटा. गावानं तिला 'पाण्यातली बंडी' हे नाव दिलं आणि आम्हीही तेच धरलं. चाचा दिवसभर दुसऱ्यांची कामं करायचे आणि दुपारच्या जेवणाची वेळ बोटीला द्यायचे. मुलगा जागा मिळवून जाईल असं त्यांना वाटत होतं की नाही, कोण जाणे. बोलायचे फक्त लाकडाबद्दल.

आता पाणी. पूर्णा नदी गावापासून सहा कोस, रोज तिथे कोण जाणार? पंजाबरावांच्या मळ्यात मात्र एक जंगी विहीर होती, चाळीस हात रुंद, पावसाळ्यात हात बुडेल इतकी वर भरणारी. पंजाबराव हो म्हणाले. त्यांच्या पत्नी गोजरबाई मात्र अडून बसल्या. विहिरीच्या कडेला कोनाड्यात शेंदूर लावलेल्या साती आसरा होत्या, पाण्यातल्या देवी, आणि त्यांची व्यवस्था गोजरबाईंकडे होती. त्यांनी रहेमतुल्लाला समोर उभं केलं.

"हे पाह्य पोरा, हिर आसरायची हाय. फेरी मारायची त देवाले मारते तशी मारायची. एकबी उलटी फेरी दिसली त तुमची बंडी भाहीर."

रहेमतुल्लानं मान डोलावली. त्यानं शब्द दिला म्हणजे तो विषय संपला. मलाही त्या अटीत काही वावगं दिसलं नाही. बोट फिरल्याशी मतलब, उजवीकडून काय आणि डावीकडून काय, असं मी म्हणालो. हे वाक्य मी बोललो हे विसरायला मला फार आवडलं असतं.

सुटी संपली, मी मुंबईला परतलो. भाद्रपदात बोट मोटेच्या दोरांनी, बैल लावून विहिरीत सोडली, आणि ती तरंगली, असं रहेमतुल्लाचं पत्र आलं. अब्बा येताना सोबत जाड दोर घेऊन आले होते, बुडाली तर ओढून काढायला, असंही त्यात होतं. मी उत्तरात कॉलेजातली सगळी विद्या पाठवली: पाठ कशी ठेवायची, वल्हं पाण्यात किती घालायचं, सुकाणूवाल्यानं ताल कसा द्यायचा. शेवटी हुकूम लिहिला की रोज पन्नास फेऱ्या झाल्याच पाहिजेत. पोरं शाळा सुटली की मळ्यात जात आणि पन्नास फेऱ्या मारत. सगळ्या एकाच दिशेनं. काठावर गोजरबाई वाती वळत बसलेल्या असायच्या.

इकडे मी भरुचा साहेबांना सांगून टाकलं की माझ्या जिल्ह्यात मी कॉलेजच्या नौका मंडळाची शाखा काढली आहे. ते हसले. दिवाळीनंतर शिष्यवृत्तीच्या मुलाखतींसाठी ते नागपूरला जाणारच होते. म्हणाले, एक दिवस मलकापूरला उतरतो, तुझी शाखा पाहतो, आणि सुकाणूवरचा मुलगा कामाचा निघाला तर नागपुरात त्याच्यासाठी शब्द टाकतो. त्यांचा शब्द म्हणजे जागा, हे सगळं जहाज जाणून होतं.

दिवाळीला घरी आलो आणि थेट मळ्यात गेलो. काय सांगू, डोळ्यांचं पारणं फिटलं. चारी वल्ही एकदम पडत होती, एकदम उठत होती, आणि ती आठ माणसांची बाभळीची बंडी विहिरीच्या कडेकडेनं अशी फिरत होती की पाण्याला भोवरा पडायचा. मी घड्याळ लावलं. आमच्या कॉलेजातल्या संघाचा दम पन्नास फेऱ्यांनी नक्की निघाला असता. कडूबा आणि पुंजाजी बाहेरच्या बाजूला बसत, त्यांचे दंड पैलवानासारखे झाले होते. मोतीराम आणि कारभारी आतल्या बाजूला, ते वल्हं नुसतं पाण्याला लावत, कारण आतून जोर केला तर बोट भिंतीवर जायची. हे सगळं मी पाहिलं. वर्षभर समुद्रावर शिकून आलेल्या माझ्या डोक्यात त्याचा अर्थ मात्र शिरला नाही. मी शाबासकी दिली आणि घरी जाऊन चिवडा खाल्ला.

भरुचा साहेब मेलनं उतरले तो दिवस बुधवार होता. बोट आदल्या दिवशीच बंडीवर घालून पूर्णेवर नेली होती. नदीवर आमच्या अपेक्षेपेक्षा जास्त गर्दी, कारण मोताळ्याकडचे बाजारकरीही बंडी पाण्यात चालते हे ऐकून वाट वाकडी करून आले होते. साहेबांसाठी झाडाखाली खुर्ची टाकली. चाचाही आले होते, पण नदीकडे पाठ करून बसले. म्हणाले, पहायचं काय, लाकूड मले माहीत हाय. मी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशात काठावर उभा. पलीकडच्या काठावरच्या बाभळीपर्यंत जायचं आणि परत यायचं, असं साहेबांनी सांगितलं आणि घड्याळ उघडलं.

रहेमतुल्लानं ताल दिला. चारी वल्ही सुंदर पडली. बोट दहा हात सरळ गेली आणि उजवीकडे वळली. वळली ती वळतच राहिली. एक फेरी पुरी करून ती आमच्यासमोर आली, तेव्हा लोकांना वाटलं की सलामी देत आहेत, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीला टाळ्या कमी झाल्या. तिसऱ्या फेरीला सगळा काठ हसत होता. रहेमतुल्ला सुकाणू पार दाबून धरत होता, पण दोन महिन्यांची सवय सुकाणूला ऐकेना. कडूबा-पुंजाजी जिवाच्या आकांतानं ओढत होते, आणि मोतीराम-कारभारी भिंत नसतानाही भिंतीला जपत होते. नदीत तर भिंत कुठेच नव्हती.

मी काठावरून इंग्रजीत हुकूम ओरडत होतो. कॉलेजात शिकवलेले सगळे हुकूम ओरडून झाले. कोणाचं लक्ष नव्हतं, आणि नव्हतं ते बरंच झालं. माझ्या लक्षात चूक आली ती त्या तिसऱ्या फेरीत, आणि माझे कान तापले. मला त्या क्षणी रहेमतुल्लाची नाही, फितीची काळजी वाटली. हे मी लपवत नाही.

मग बोट थांबली. रहेमतुल्लानं वल्ही वर घ्यायला सांगितली होती. तो ओरडला नाही, पण काठ आता इतका गप्प झाला होता की त्याचं बोलणं आम्हाला ऐकू आलं.

"कोनी घाबरू नका. कडूबा, पुंजा, तुमी दोघं तिकडं सरका. मोत्या, कारभारी, तुमी इकडं. बसूनच सरका, उभे राहू नका."

चौघं खाली वाकून, सरपटत, एकमेकांच्या अंगावरून जागा बदलून बसले. बोट हेलकावली. काठावरच्या एका बाईनं डोळे मिटले. मग रहेमतुल्लानं पुन्हा ताल दिला, आणि या वेळी बोट डावीकडे वळू लागली. दहा वल्ही झाली की तो थांबवायचा, चौघं पुन्हा जागा बदलायचे, बोट उजवीकडे यायची. पुन्हा दहा. पुन्हा अदलाबदल. अशी वाकडीतिकडी नागमोडी वाट काढत आमचं नाविक मंडळ पूर्णा ओलांडून गेलं, रहेमतुल्लानं बाभळीला हात लावला, आणि तशाच वाटेनं ते परत निघालं. परतताना लोक प्रत्येक अदलाबदल मोठ्यानं मोजू लागले. हसणं होतंच, पण ते आता वेगळं होतं. आपल्या घरच्या लग्नात हसतात तसं.

बोट काठाला लागली तेव्हा साहेबांचा दुसरा पेला चहा संपला होता. घड्याळ त्यांनी केव्हाच मिटून खिशात टाकलं होतं. ते उठून बोटीपाशी गेले, बाभळीच्या फळीवरून हात फिरवला आणि हिंदुस्थानीत विचारलं की बोट वाकडी का जाते, लाकडात दोष आहे का. पाठ करून बसलेल्या चाचांचे खांदे ताठ झाले.

"बोट में कुछ नहीं है, साब," रहेमतुल्ला म्हणाला. "अब्बा ने सीधी बनाई है. गलती मेरी है. दो महिने सुकाणू मेरे हाथ में था, मैंने देखा नहीं."

साहेबांनी मान हलवली आणि खिशातून टिपणवही काढली. मला ठाऊक होतं ते काय लिहिणार. सुकाणूवाल्याला चूक दिसत नाही, असं. नागपूरची जागा दुसऱ्याला जाणार, पुढच्या वर्षी याचं वय संपणार, आणि हा मला पोचवायला पुन्हा स्टेशनावर येऊन माझी वळकटी डब्यात टाकणार. ते चित्र मला सहन झालं नाही. मी पुढे झालो.

"साहेब, चूक माझी आहे," मी म्हणालो. "विहिरीत शिकवायला मी सांगितलं. पन्नास फेऱ्या मी लिहून पाठवल्या. एकाच बाजूनं फिरतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि शाबासकी दिली. आणि गेल्या वर्षी मी नेहमी बोटीत बसतो असं सांगितलं होतं, तेही खोटं होतं."

शेवटचं वाक्य का बोललो हे मला अजून कळलेलं नाही. कोणी विचारलं नव्हतं. पण एकदा सुरुवात केल्यावर ते आपोआप बाहेर आलं. रहेमतुल्ला माझ्याकडे पाहत राहिला आणि मी त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

भरुचा साहेबांनी दोघांकडे पाळीपाळीनं पाहिलं. मग त्यांनी विहिरीचं सगळं नीट विचारून घेतलं, गोजरबाईंची अट ऐकली आणि रहेमतुल्लाला विचारलं की काठावर कोणी नसताना तरी एखादी उलटी फेरी मारून पाहायची होतीस, काय बिघडलं असतं? रहेमतुल्ला म्हणाला की शब्द दिला होता. एवढंच म्हणाला. साहेबांनी वहीत लिहिलं आणि कधी नाही ते मला वाचून दाखवलं. लिहिलं होतं की वीस वर्षांत बोट भरकटल्यावर वल्हेकऱ्यांवर न ओरडणारा हा पहिला सुकाणूवाला पाहिला, याला घ्यावं.

माझ्याबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही, तोंडी सांगितलं. फीत विसरायची. मुंबईला परतल्यावर दर शनिवारी बंदरात नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, म्हणजे बोयाला, पन्नास फेऱ्या घालायच्या, सगळ्या डावीकडून, आणि बोटीत मी एकटा. त्या मी पुढे घातल्या; डेकवरून सगळं कॉलेज बघायला जमायचं, वादविवाद मंडळसुद्धा. खरं सांगतो, मला त्या फेऱ्यांत मजा आली. वर्षभर ते खोटं मला टोचत होतं, ते आता टोचेनासं झालं होतं.

साहेब खुर्चीवर परत गेल्यावर कडूबानं मला उचलून गणवेशासकट पाण्यात टाकलं. चौघांनी ते पूर्वीच ठरवलं होतं म्हणे, जिंकले तर रहेमतुल्लाला आणि हरले तर मला. आपण जिंकलो की हरलो यावर त्यांचं एकमत होईना, म्हणून दोघांनाही टाकलं. पाण्यात रहेमतुल्ला माझ्याजवळ आला, केस झटकले आणि म्हणाला, "निवृत्ती, मले माहीत होतं बे. त्या डोंग्यात तुही पाठ चोळत मीच त बसलो होतो ना तुह्याजवळ."

हे मी पार विसरलो होतो. म्हणजे तोही त्या डोंग्यात बसला होता. मी त्याला विचारलं की मग नागपूरला काऊन नाही म्हणाला. तो म्हणाला, साहेबानं बोट विचारली होती, डोंगा नव्हता विचारला. मी पाण्यात उभ्याउभ्या इतका हसलो की नाकात पूर्णा गेली.

संध्याकाळी बोट बैलबंडीवर घालून आम्ही मलकापूरच्या वाटेला लागलो. पोरं बोटीत बसून गाणी म्हणत होती, रहेमतुल्ला सगळ्यात पुढे. गोजरबाईंच्या घरी निरोप गेला होता आणि आसरांना नारळ फुटणार होता. चाचा मात्र बंडीत बसले नाहीत. चाकाच्या बाजूनं पायी चालत होते, मधूनच हात लांबवून बोटीच्या फळीला लावत होते. मीही ओल्या कपड्यांनी त्यांच्याबरोबर चालू लागलो. जागा मिळाली याचा अर्थ त्यांना विचारायचा होता. किती वर्षं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तीन. सुटीला वर्षातून दोनदा येईल. त्यानंतर? त्यानंतर जहाजावर, मी म्हणालो, म्हणजे मग काही सांगता येत नाही.

चाकाचा आवाज आणि पोरांची गाणी तेवढी होती.

"निवृत्ती, जहाजावर सुतार रायते काय?"

"रायते, चाचा. मोठ्या जहाजावर एक रायतेच."

"मंग त्याले सांगून ठेवजो," चाचा म्हणाले. "पोराच्या पेटीची कडी ढिली झाली त तेवढी ठोकून दे म्हना. तो माह्याशिवाय कोनाले सांगत नाही."

मी हो म्हणालो. मग माझे डोळे त्यांना दिसू नयेत म्हणून बंडीच्या दुसऱ्या बाजूला गेलो, आणि गाव येईपर्यंत तिकडूनच चाललो.